कणकेची नानकटाई: तोठरा न बसता जमेल का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. दिवाळी बारा दिवसांवर आली आणि माझं घोडं नानकटाईपाशी अडलंय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं कुठं चुकतंय ते तुम्हाला सांगता येईल.

आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. घरात मी, नवरा, दोन मुलं आणि माझे सासरे. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणते, मीही तेच म्हणते. आबा आता ७९ वर्षांचे आहेत, अकरा वर्षांपासून शुगर आहे. पथ्य इतकं नेटानं पाळतात की लग्नाच्या पंगतीतही जिलबीकडे बघत नाहीत. पण नानकटाई म्हणजे त्यांचा जीव. लग्न होऊन मी या घरात आले त्या वर्षीच्या दिवाळीत आबांनीच मला बेकरीत नेलं होतं. सायकलच्या कॅरिअरला दोन पत्र्याचे डबे बांधलेले, हँडलला रवा-मैद्याची पिशवी, आणि मी शेजारून चालत. तिथे बायकांची ही रांग. मोठ्या परातीत पीठ मळलं जायचं, ट्रेवर नावाची चिठ्ठी लागायची आणि पाव भाजून झाल्यावर भट्टीची धग उतरत आली की आमचे ट्रे आत जायचे. आबा भट्टीच्या तोंडाशी उभे राहून वाट बघायचे. घरी येईपर्यंत डब्याचं झाकण लावू द्यायचे नाहीत, घाम धरेल म्हणून.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, सणाला एखादी खाल्ली तर चालेल, पण मैदा आणि डालड्याची नको. पाडव्याच्या दिवशी फराळाच्या ताटातली नानकटाई आबांनी उचलली, हातात धरली आणि स्वतःच परत ताटात ठेवली. कुणी काही बोललं नव्हतं. ते माझ्या डोळ्यांसमोरून वर्षभर हललं नाही. म्हणून यंदा ठरवलं, पूर्ण गव्हाच्या पिठाची, तुपातली नानकटाई घरीच करायची. आबांनी मागे ठेवू नये अशी.

आतापर्यंत तीनदा केली. पहिल्यांदा दोन वाट्या मैद्याऐवजी गिरणीतून आणलेल्या लोकवन गव्हाची दोन वाट्या कणीक घेतली. एक वाटी पातळ केलेलं तूप, एक वाटी पिठीसाखर, चिमूटभर सोडा. गोळा काही केल्या वळेना, भुगाच होत होता, म्हणून आणखी दोन चमचे तूप घातलं. ओटीजीमध्ये, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, १८० अंशांवर वीस मिनिटं ठेवली. पसरून पापडासारखी झाली, कडा करपल्या, आणि खाताना असा तोठरा बसायचा की बोलता येऊ नये. आबा म्हणाले, “पोरी, चव चांगली आहे, पण गिळवत नाही. पाणी दे.”

दुसऱ्यांदा निम्मी नाचणी घातली. २०२३ साली, भरडधान्यांचं वर्ष म्हणून सगळीकडे चाललं होतं तेव्हा, आमच्या बचत गटात नाचणीची बिस्किटं शिकलो होतो, त्यावरून सुचलं. पण कच्चट वास राहिला आणि दाताखाली वाळू लागल्यासारखी लागली. तिसऱ्यांदा साखरेऐवजी गूळ किसून घातला. त्या दिवशी ठीक वाटली, दुसऱ्या दिवशी वातड.

विचारायचं ते असं. कणीक चाळून कोंडा काढला तर तोठरा जाईल, पण मग मैद्याला नाही म्हणण्यात अर्थ काय राहिला? माझ्या माहेरी भाऊ खपली गहू करतो, घरात दहा किलो पडलाय, तो चालेल का? आणि गूळ वापरायचाच असेल तर कसा? आबांना एक नानकटाई सुखानं खाता यावी, एवढंच मला हवंय.

परातवाला

ताई, आमची कोल्हापुरात बेकरी होती. मी तेरा वर्षं भट्टीवर काढली आहेत, त्यामुळे तुम्ही लिहिलेला तोठरा मला इथं बसल्या बसल्या कळला.

नानकटाईच्या पिठात पाणी नसतं. पोळीच्या कणकेत असतं, पावात असतं, केकमध्ये असतं. नानकटाईत फक्त तूप, आणि तुपात पाण्याचा अंश राहत नाही. मैद्याला ते चालतं, कारण तो मऊ असतो, कोंडा नसतो. कणकेतला कोंडा मात्र फार तहानलेला. मळताना त्याला पाणी मिळालं नाही, भाजताना मिळालं नाही, मग तो तुमच्या तोंडात गेल्यावर तिथलं पाणी पितो. तोच तोठरा. म्हणजे कोंडा टाकून द्यायची गरजच नाही, त्याची तहान आधी भागवायची.

असं करा. कणीक मैद्याच्या बारीक चाळणीनं चाळा. दीडशे ग्रॅम कणकेतून दहा-पंधरा ग्रॅम कोंडा निघेल. तो मिक्सरच्या छोट्या भांड्यात जितका बारीक होईल तितका फिरवा, दोन मोठे चमचे कोमट दूध घालून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा. लापशीसारखा मऊ झाला की तो परत त्याच पिठात. काही टाकलं नाही, काही वाया गेलं नाही, गहू पूर्ण गहूच राहिला.

तूप पातळ केलंत, ही दुसरी चूक. नानकटाईला तूप घट्ट, रवाळ लागतं. पातळ तुपात साखर फेसली जात नाही, हवा धरत नाही, आणि भट्टीत गेल्यावर सगळं पसरतं. परातीत घट्ट तूप आणि पिठीसाखर तळहातानं आठ-दहा मिनिटं फेसा. रंग पांढरा व्हायला हवा आणि बोटावर घेतलं तर उभं राहायला हवं. आमच्याकडे नवीन पोरगं कामाला आलं की पहिले पंधरा दिवस त्याला फक्त हेच करायला लावायचो. ऑक्टोबरच्या उन्हात तूप मऊ पडतं, तेव्हा पहाटे करा नाहीतर गोळे वळून ट्रे पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

वाट्यांनी मोजू नका, वजन करा. कणकेची वाटी दाबून भरली की हलकी भरली यात वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो, आणि तेवढ्यानं गोळा वळतो किंवा मोडतो. २०० ग्रॅम पीठ, त्यात दीडशे कणीक, तीस बेसन, वीस बारीक रवा. १२० ग्रॅम तूप. १०० ग्रॅम पिठीसाखर. पाव छोटा चमचा सोडा, आणि त्याला जोडीला एक मोठा चमचा घट्ट दही, नाहीतर सोडा तसाच राहतो. सोडा वाढवायचा मोह होईल, कारण कणकेची नानकटाई मैद्याइतकी फुलत नाही. वाढवू नका. साबणासारखी चव येते आणि रंगही काळपट होतो.

आणि १८० फार होतं. १६० ठेवा, वीस-बावीस मिनिटं. मैद्याची झाली की नाही हे वरच्या रंगावरून कळतं, कणकेची आधीपासूनच तपकिरी, त्यामुळे वरून बघून फसाल. एक उचलून उलटी करा. बुडाला पोळीवरच्या डागासारखा रंग आला असेल तर काढा. त्या वेळी ती मऊच लागेल. गार होताना खुसखुशीत होते, म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवायच्या फंदात पडू नका.

खपली बिनधास्त घ्या. तिच्या पिठाला लोकवनसारखा चिवटपणा नसतो. पोळीला ते जड जातं, नानकटाईला नेमकं तेच हवं. फक्त गिरणीत सांगून दळण बारीक घ्या. खपली बऱ्याचदा लाडूच्या रव्यासारखी जाडसर दळून देतात.

चाळीतला कंदील

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या गिरगावच्या घरात आई दिवाळीला नानकटाई करायची ती मैद्याची, जायफळ लावलेली, वर चारोळीचा एक दाणा. वर्षातले चार दिवस. मला वाटतं सणाचा पदार्थ सणासारखाच करावा. लहान करा, सुपारीएवढी करा, आबांना एकच द्या, पण तीच द्या. कणीक घातली की ती नानकटाई राहत नाही, दुसरंच काहीतरी चांगलं होतं. माणूस खातो ती नुसती चव नसते, त्यात आठवण असते. कणकेच्या घासात ती सापडेल का, याची मला शंका आहे.

लहान करण्याचं मात्र मनावर घ्याच. हल्ली बेकऱ्यांमध्ये तळहाताएवढी नानकटाई मिळते, पूर्वी कुठे होती एवढी?

नेकारची लाट

कृष्णाकाठताई, मी मूळची साताऱ्याची, सध्या जर्मनीत श्टुटगार्टजवळ. इथं नोव्हेंबरच्या शेवटापासून नाताळापर्यंत घराघरात बिस्किटं भाजतात, आपल्या फराळासारखंच. डबेच्या डबे भरतात आणि शेजारी देतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी आता ८३ वर्षांच्या आहेत. माझी पहिली पूर्ण पिठाची बिस्किटं त्यांनी चाखली आणि एकच शब्द म्हणाल्या, “क्वेलेन”. म्हणजे पिठाला फुगू द्यायचं, मुरू द्यायचं. परातवाला दादांनी कोंड्याच्या तहानेचं लिहिलंय ते वाचून मला आजीच आठवल्या.

इथं पिठाच्या पुडीवर आकडा असतो. ४०५ म्हणजे आपल्या मैद्याच्या जवळचं. १०० ग्रॅम कोरडं पीठ जाळलं तर साधारण ४०५ मिलिग्रॅम राख उरते, असा त्याचा अर्थ. ५५०, १०५० असा आकडा वाढत गेला की पीठ गडद होतं, कारण सालाचा भाग वाढतो. पूर्ण गव्हाच्या पिठावर आकडाच नसतो, नुसतं ‘फोलकोर्न’ लिहितात, म्हणजे अख्खा दाणा. आजी पूर्ण पीठ वापरताना पीठ मळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात आणि दूध एक-दोन चमचे जास्त घालतात. ४०५ च्या पिठाला एवढं लाड करावं लागत नाही.

त्यांच्याकडून शिकलेली दुसरी गोष्ट तुमच्या फार उपयोगाची आहे. इथं चंद्रकोरीच्या आकाराची व्हॅनिलाची बिस्किटं करतात, त्यात पिठाबरोबर बदाम किंवा हेझलनटचं कूट असतं. कूट घातलं की घास कोरडा पडत नाही, तोंडात विरघळतो. मी नानकटाईत पिठाचा सातवा-आठवा भाग बदामाचं कूट घालते आणि तुपाचं प्रमाण थोडं उतरवते. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूटही घालून पाहिलं, पण मग सगळी चव शेंगदाण्याचीच होते. मला ती आवडते, नवऱ्याला नाही.

नाचणीचं मात्र तुम्ही आधी भाजलं नसणार. नाचणीचं पीठ कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटं, खमंग वास येईपर्यंत कोरडं भाजायचं आणि पूर्ण गार करायचं. कच्चट वास जातो. तरी निम्मी नको, पाव भागाच्या वर गेलं की भुगा होतो. नाचणीत चिकटपणा धरणारं काही नाही, बांधून ठेवायला गहूच लागतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. परातवाला दादा, कोंड्याचं इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. चाळीतला कंदील, तुमचं बरोबर आहे असं मलाही आत कुठंतरी वाटतं. मुलांसाठी मी मैद्याचीही थोडी करणारच आहे. पण आबांना ‘तुमच्यापुरती एक’ म्हणून दिलेली नको आहे. सगळ्यांच्या ताटात आहे तीच त्यांच्या ताटात असावी, असं मला वाटतं.

गुळाचं राहिलंच. आणि कुणी शुगरवाल्या माणसानं स्वतःचा अनुभव सांगितला तर फार बरं होईल.

फराळ मोजून

मी सांगतो. वय ६२, नऊ वर्षं शुगर. डॉक्टर नाही, पण वजनकाटा आणि ग्लुकोमीटर दोन्ही घरात आहेत आणि दोन्ही वापरतो.

गुळाचा गैरसमज आधी काढून टाका. शरीराला गूळ आणि साखर यांत फार फरक कळत नाही. गुळात लोह आणि इतर क्षार थोडे असतात, पण नानकटाईत पडणाऱ्या गुळातून ते किती मिळणार? चव आवडते म्हणून गूळ घाला, पथ्य म्हणून नको. आणि गूळ हवेतलं पाणी ओढतो, म्हणून तुमची वातड झाली. पावसाळी हवेत तर बघायलाच नको. त्यापेक्षा साखर आहे तीच ठेवा आणि कमी करा.

आता हिशेब. परातवाल्यांच्या प्रमाणात १०० ग्रॅम साखर. त्यात वीस नानकटाया केल्या तर एकीत ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. साखर ७५ वर आणली तर पावणेचार ग्रॅम. चवीत फार फरक पडत नाही, कारण वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ गोडी पुढे आणतात. ६० च्या खाली मात्र जाऊ नका. साखर कमी झाली की खुसखुशीतपणाही जातो. मी ५० वर करून पाहिली, ती खारी पण नाही आणि नानकटाई पण नाही, अशी झाली.

तंतूंबद्दलही खरं सांगतो. १०० ग्रॅम कणकेत साधारण ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात ३ ग्रॅमच्या आत. फरक मोठा आहे. पण एका नानकटाईत कणीक जाते सात-आठ ग्रॅम, म्हणजे तंतू पडतात जेमतेम एक ग्रॅमच्या आसपास. त्यानं शुगर काबूत येईल अशी आशा धरू नका. कणीकही साखर वाढवतेच. खरा फायदा डालडा गेला यात आहे. डालड्यासारख्या वनस्पतीतलं ट्रान्स फॅट, म्हणजे एक प्रकारची चरबी, हृदयाला वाईट, म्हणूनच २०२२ च्या जानेवारीपासून आपल्याकडे तेल-वनस्पतीत त्याला २ टक्क्यांची मर्यादा घातली. आणि दुसरा फायदा असा की कणकेच्या दोन नानकटायांत पोट भरल्यासारखं वाटतं. मैद्याच्या पाच कधी गेल्या कळत नाही. हा माझा स्वतःचा अनुभव आहे, हे शास्त्र म्हणून सांगत नाही.

आबांना रिकाम्या पोटी देऊ नका. जेवणातली अर्धी पोळी कमी करून जेवणानंतर एक द्या. चहा बिनसाखरेचा. त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालूनच.

बाजारातल्या ‘आटा बिस्किटां’च्या पुड्यावर घटक वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. पहिलं नाव मैद्याचं असेल तर पुढचं चित्र कितीही कणसांचं असो, मी तो पुडा परत ठेवतो.

माडाच्या सावलीत

फोंड्याहून लिहिते. आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे, नाताळाला त्यांच्याकडून ताट येतं त्यात बोलिन्हा असतातच. रवा आणि ओल्या नारळाची ती बिस्किटं. त्या काकी रवा आणि नारळ पाकात कालवून रात्रभर ठेवतात आणि अंडी घालून दुसऱ्या दिवशी भाजतात. मी एकदा घाई करून दोन तासांत केली, तर रवा दाताखाली करकरला. म्हणजे मुरवण्याचं इथंही तेच.

एक खबरदारी. पूर्ण कणकेत दाण्याचा अंकुर असतो आणि त्यात तेल असतं, म्हणून ती मैद्यापेक्षा लवकर खवट होते. आमच्या दमट हवेत तर पंधरवड्यातच वास येतो. नानकटाईला दळण ताजंच घ्या, जुन्या पिठाचा खवटपणा तूप लपवत नाही.

सांजवात

ताई, मध्येच विचारते. माझ्या भाचीला सिलिअ‍ॅक आहे, गव्हाचं काहीच चालत नाही. खपली ‘जुना गहू’ म्हणून चालते असं कुणीतरी सांगितलं. खरं आहे का?

नेकारची लाट

सांजवात, नाही, अजिबात नको. खपलीतही ग्लूटेन, म्हणजे भाचीला बाधणारं गव्हातलं प्रथिन, असतंच, प्रकार थोडा वेगळा एवढंच. भाचीसाठी ज्वारीचं पीठ घ्या, त्यात बदामाचं कूट तिसरा हिस्सा आणि थोडं भाजलेलं बेसन, म्हणजे बांधलं जातं. भाकरीला ज्वारीचं पीठ जुनं चालत नाही, विरी म्हणजे चिकटपणा जातो. इथं विरीचा प्रश्न नाही, पण खवट नसावं. आणि गिरणीत गव्हावर दळलेलं नको. घरच्या मिक्सरमध्ये दळा, चाळण आणि परात वेगळी ठेवा.

कृष्णाकाठ

मंडळी, झाली! चार दिवस चालले होते प्रयोग, आता लिहायला बसले.

परवा भावाकडून आलेली खपली गिरणीत नेली. गिरणीवाल्यांना म्हटलं, दोनदा घाला. त्यांनी आधी थोडे गहू दळून जातं साफ करून घेतलं आणि मग माझं दळण घेतलं. पीठ हातात घेतलं तर लालसर, गार, आणि वासाला गोड. घरी येऊन १४० ग्रॅम कणीक मोजून घेतली, चाळली. कोंडा १३ ग्रॅम निघाला. मिक्सरमध्ये फिरवून दोन चमचे कोमट दुधात भिजवला. पाऊण तासानं पाहिलं तर सगळं दूध पिऊन फुगलेला. इतक्या वर्षांत कोंड्याकडे मी असं कधी बघितलं नव्हतं.

बेसन ३० ग्रॅम तुपाशिवाय मंद भाजून घेतलं. बदामाचं कूट ३०. साखर ७५. तूप ११०, घरचं, रवाळ, पहाटे साडेपाचला फेसायला घेतलं. दहा मिनिटांनी हात भरून आला, पण रंग पांढरा झाला. त्यात कोंडा, दही, सोडा, वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ. पीठ घालून हलक्या हातानं गोळा केला आणि झाकून तासभर ठेवला. गोळा वळला! एकदाही भुगा झाला नाही, जास्तीचं तूप लागलं नाही. वीस-वीस ग्रॅमच्या बावीस नानकटाया झाल्या. चाळीतला कंदील, प्रत्येकीवर चारोळीचा एक दाणा तुमच्या आईंच्या आठवणीनं लावला.

पहिला ट्रे मी घाबरून सतरा मिनिटांतच काढला, वरून गडद दिसला म्हणून. त्या आत कच्च्या राहिल्या, मधे पिठूळ. दुसऱ्या ट्रेला दादांनी सांगितलं तसं केलं. एकविसाव्या मिनिटाला एक उलटी केली, बुडाला पोळीसारखे डाग, काढला. वर बारीक भेगा पडल्या होत्या, अगदी बेकरीसारख्या. मैद्याच्या नानकटाईइतकी गोरीपान दिसत नाही, हे खरं. गव्हाच्या खिरीचा रंग आलाय.

आबांना दुपारी जेवणानंतर दिली. डॉक्टरांना फोन करून आधी विचारलं होतं, ते एक म्हणाले. आबांनी ती मोडली. मोडताना आवाज आला, ते त्यांनी ऐकलं. निम्मी खाल्ली, थोडं थांबले, उरलेली निम्मी बिनसाखरेच्या चहाबरोबर खाल्ली. पाणी मागितलं नाही. मग म्हणाले, “जायफळ जरा जास्त चालेल.” आमच्या घरात आबा पदार्थात काही सुचवतात तेव्हा तो त्यांना आवडलेला असतो, न आवडलेल्याबद्दल ते बोलतच नाहीत.

निम्म्या पिठात पाव भाग भाजलेली नाचणी घालूनही केली. ती मुलांना जास्त आवडली, चॉकलेटसारखी दिसते म्हणून. आबांना साधीच.

आता पुढचं. घरच्या ओटीजीत एका वेळी बाराच बसतात आणि माहेरी, नणंदेकडे, शेजारी द्यायच्या तर दीडशे तरी हव्यात. तालुक्याला एक बेकरी अजून लाकडाची भट्टी पेटवते. काल जाऊन विचारलं, माझं पीठ मी मळून आणलं तर ट्रे आत घालाल का? ते आधी नको म्हणाले, कणीक कधी घातली नाही म्हणाले. मी डब्यातून नेलेली एक त्यांच्या हातावर ठेवली. खाऊन म्हणाले, परवा संध्याकाळी पाचला या, पाव निघाले की घालू. घरी येऊन सांगितलं तर आबा माळ्यावरचे पत्र्याचे डबे काढायला सांगून बसलेत. मी येतो म्हणतात, भट्टीची धग मला बघून कळते.

परातवाला दादा, लाकडाच्या भट्टीत कणकेची नानकटाई घालताना काय बघायचं, तेवढं सांगा.

परातवाला

ताई, पाव निघाल्या निघाल्या घालू देऊ नका, तेव्हा भट्टी फार तापलेली असते. अर्धा-पाऊण तास जाऊ दे. आबांना माहीत असेल, चिमूटभर पीठ भट्टीच्या फरशीवर टाकायचं. लगेच काळं पडलं तर थांबायचं, सावकाश बदामी झालं तर ट्रे आत. आधी एकच ट्रे घाला, चार-पाच नानकटायांचा, बाकीचं पीठ ओल्या फडक्याखाली. पहिल्या ट्रेचं बूड बघून मग सगळे. दहा मिनिटांनी ट्रे फिरवायला सांगा, आतल्या अंगाला धग जास्त असते.

दीडशे नानकटायांना तुमचं प्रमाण सातपट होईल, पण सोडा सातपट करू नका, पाचपट पुरे. तूप एवढं एकदम फेसलं जाणार नाही, दोन-तीन घाण्यांत फेसा. आणि डब्याची झाकणं घरी पोचेपर्यंत उघडीच ठेवा.

कृष्णाकाठ

झाकणांचं आबा बघतील.